घराकडची धून

हिंजवडीच्या शेतांत संगणकनगरी उभी राहिली, तरी चैत्रात म्हातोबाचे बगाड निघतेच. हे ध्यानी ठेवून आपण बिल फोर्साइथ यांचा १९८३ सालचा ‘लोकल हीरो’ हा विनोदपट पाहू. स्कॉटलंडमधील एक किनारगाव विकत घेण्यास अमेरिकन तेलकंपनीचा माणूस येतो. गावकरी विरोध करतील ही आपली अपेक्षा. ते मात्र भाव वाढवण्याच्या खटपटीत! ग्लासगोत जन्मलेल्या मार्क नॉप्फलर यांचे हे पहिले चित्रपटसंगीत. त्यात गावच्या नाचाचे केल्टिक वळणाचे सूर आहेत. शेवटी तो माणूस ह्यूस्टनला परततो. इकडे गावातला फोन वाजतो आणि ‘गोइंग होम’ ही धून सुरू होते. विकत घेण्यास आलेलाच गावात गुंतला! जमिनी देऊन बसलेले आपणही बगाडाची वाद्ये ऐकताच थबकतो, ते याच ओढीने.