उवा, फणी आणि जनाबाई

साहित्याच्या इतिहासात उवांना काही स्थान असावे, ही कल्पनाच अनेकांना विचित्र वाटेल. राजवटी, पंथ, छंद आणि संप्रदाय यांचा इतिहास आपण शिकतो आणि शिकवतो. डोक्यात पडणाऱ्या उवांचा इतिहास मात्र घरातल्या बायकांच्या बोटांपुरताच राहिला. तरीही मराठी संतकवितेतील एका अत्यंत हृद्य अभंगाचा अर्थ उवांचा विचार केल्यावाचून पुरता लागत नाही, असे आम्हाला वाटते. त्या अभंगापर्यंत जाण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही थोडी दूरची वाट घेत आहोत.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपली ‘ऊ’ संस्कृत ‘यूका’पासून आणि ‘लीख’ ‘लिक्षा’पासून आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील लांबीच्या कोष्टकात परमाणू आणि रथचक्राने उडवलेला धुळीचा कण यांच्यानंतर थेट लीख येते. ८ लिखांची १ यूका, ८ यूकांचा १ यव आणि ८ यवांचे १ अंगुल. मनुस्मृतीतील वजनांच्या कोष्टकातही ‘लिक्षा’ आहेच. जी वस्तू सर्वांच्या नित्य परिचयाची असते तिचेच माप होते. पंचतंत्रातील मंदविसर्पिणी नावाची ऊ तर चक्क राजाच्या शय्येत सुखाने राहते. म्हणजे प्राचीन समाजाला ऊ ही दरिद्री माणसाचीच खूण वाटत नव्हती.

याला दुजोरा देणारा पुरावा इस्रायलमधील लाखीश येथे मिळाला आहे. २०१६ मध्ये तेथील उत्खननात हस्तिदंताची एक इवलीशी फणी सापडली आणि तिच्यावरील कोरीव अक्षरे २०२२ मध्ये वाचली गेली. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या त्या कनानी लिपीतील सात शब्दांचा आशय असा, की या दाताने केसांतील आणि दाढीतील उवा समूळ निघोत. वर्णाक्षरांत लिहिलेले, आजवर सापडलेले हे सर्वांत जुने पूर्ण वाक्य मानले जाते. त्या प्रदेशात हत्ती नव्हते. हस्तिदंत बाहेरून आणावा लागे. तेव्हा फणीचा मालक श्रीमंतच असणार. तिची घडणही आपल्या ओळखीची आहे. एका बाजूला विरळ दाते, दुसऱ्या बाजूला दाट. विदर्भात ज्याला ककवा म्हणतात त्याने केस सोडवायचे आणि फणीने उवा काढायच्या, ही आपल्या घरांतली विभागणी तिथे एकाच वस्तूत आहे.

मग उवांना लाज कोठून चिकटली? चरकसंहितेच्या विमानस्थानात यूकांची गणना बाह्य मलापासून होणाऱ्या कृमींत केली आहे. त्यांचे कारण अंग स्वच्छ न ठेवणे आणि पहिली चिकित्सा ‘अपकर्षण’, म्हणजे ओढून काढणे. यातील चिकित्सा आजही खरी आहे. कारण मात्र डोक्यातल्या उवांना लागू पडत नाही. ही ऊ धुतलेल्या केसांतही तितक्याच सुखाने राहते. ती उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की या केसांवरून त्या केसांवर चालत जाते. म्हणजे ती अस्वच्छतेपेक्षा जवळिकीची खूण आहे. परंतु ‘मळ’ हा शब्द एकदा चिकटला, की तो शरीरावरून चारित्र्यावर, आणि आपल्या समाजात जातीवरही, सहज सरकतो.

या पार्श्वभूमीवर जनाबाईच्या नावावर असलेला तो अभंग वाचावा. जनी डोक्यातल्या उवांनी गांजली आहे. विठ्ठल आई होऊन धावत येतो, स्वतःच्या हातांनी तिचे बांधलेले केस सोडतो, लगबगीने उवा मारतो, केस विंचरून मोकळे करतो. आणि जनीला निर्मळ वाटते. उवा म्हणजे विकार आणि विंचरणे म्हणजे चित्तशुद्धी, असा रूपकार्थ लावण्याचा मोह येथे होतो. आमच्या मते तो आवरला पाहिजे. आपले डोके आपल्याला दिसत नाही. उवा काढायला दुसऱ्याचे डोळे, दुसऱ्याची बोटे आणि दुसऱ्याचा वेळ लागतो. हे तीन्ही आईकडे असते. गंगाखेडची जनी लहानपणीच आईबापांवाचून नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. घरातल्या साऱ्यांचे करणाऱ्या दासीच्या डोक्यात कोण बघणार? या प्रश्नाला अभंगाने दिलेले उत्तर म्हणजे देव. ज्याला शिवायचीही शिसारी यावी ते काम देव करतो, यातच त्या अभंगाचे सारे धाडस आहे. रूपक केले की नेमके तेच नाहीसे होते.

आधुनिक वैद्यकाने उवांच्या भयाला वेगळे वळण दिले आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्रातच घडला. १९०७ मध्ये डॉ. एफ. पी. मॅकी यांनी नाशिक येथील मिशनच्या वसाहतीत पसरलेल्या उलटून येणाऱ्या तापाचा अभ्यास केला. मुलग्यांत ताप अधिक आणि अंगावरच्या उवाही अधिक. मुलींत दोन्ही कमी. यावरून हा ताप उवांमार्फत पसरतो, हे त्यांनी दाखवले. १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी ट्युनिस येथे टायफस ज्वराविषयी हेच सिद्ध केले. त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हे रोग पसरवणारी ऊ कपड्यांच्या शिवणीत राहणारी. डोक्यातली ऊ खाज आणि जागरण देते. रोगाची वाहक म्हणून ती ओळखली जात नाही. लोकमानसात मात्र दोघींची गल्लत झाली आणि लाजेत भयाची भर पडली.

भंडारा जिल्ह्यात हा अभंग शिकवताना आमच्यासमोर बसलेल्या अनेक मुली शाळेपासूनच वसतिगृहात राहिलेल्या असतात. ‘उवा’ हा शब्द आला की वर्गात खसखस पिकते आणि काही माना खाली जातात. गावाकडे दुपारच्या वेळी आजीपुढे आई, आईपुढे लेक अशी माळ ओसरीवर बसते. ती उवांची चिकित्साच असते आणि गप्पांची बैठकही. वसतिगृहात ही माळ तुटते. तिथे मग केस कापून टाकण्याचा धाक किंवा चारचौघांत अपमान, हे उपाय ठरतात. घरगुती उपायही सारेच निरुपद्रवी नाहीत. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते. रॉकेल तर त्वचा पोळते आणि पेट घेते.

आजचे ज्ञान काय सांगते? घरातल्या, किंवा खोलीतल्या, सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत आणि ज्यांच्या डोक्यात उवा असतील त्या सर्वांवर एकदमच उपचार करावेत. ओले केस बारीक फणीने पांढऱ्या कापडावर विंचरावेत आणि दर दोन-तीन दिवसांनी, दोन आठवडे तरी, पुन्हा विंचरावेत. लीख साधारण ७ ते १० दिवसांत फुटते. म्हणून १ टक्का पर्मेथ्रिनसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने लावले, तरी ते सुमारे ९ दिवसांनी पुन्हा लावावे लागते. डोक्यापासून दूर झालेली ऊ एक-दोन दिवसांतच मरते. तेव्हा घरभर फवारणीची गरज नाही. या साऱ्यात फणी चरकाच्या ‘अपकर्षणा’ची आहे, आणि अट मात्र जनाबाईची: कोणीतरी मागे बसले पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून घ्यायचे ते एवढेच, की संतकवितेतील क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूंना घाईने प्रतीके करू नयेत. दळण, कांडण, शेणी आणि उवा हे जनाबाईचे जगणे होते. तिने देवाला तिथे बोलावले. अभंग शिकवताना ती ऊ खरी ठेवली, तर खाली गेलेली एखादी मान वर येण्याची शक्यता आहे.