आधी विचार, मग श्वास

रामदासपेठेत सेंट्रल बाजार रोडला लागलं की दवाखान्यांच्या पाट्यांमध्ये ‘समुपदेशन’, ‘ताणमुक्ती’, ‘माइंडफुलनेस’ हे शब्द आता सर्रास दिसतात. इथल्याच एका इमारतीत मी समुपदेशक म्हणून बसते. माइंडफुलनेस अमेरिकेतून आलं, असं येणारे बरेच जण धरून चालतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दुखण्याने गांजलेल्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले, हे खरंच आहे. पण इथल्या काछीपुरा चौकातून दीक्षाभूमीला पायी जाता येतं, आणि नागपुरातल्या मनाच्या शिक्षणाचा इतिहास मी तिथून सुरू झाला असं मानते.

तेव्हा ते वॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं उघडं मैदान होतं. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. धम्मदीक्षेच्या तयारीचा भार भारतीय बौद्धजन समितीच्या वामनराव गोडबोल्यांवर होता. माझे वडील एम्प्रेस मिलचे कामगार. आई नुकतीच लग्न होऊन आलेली. पांढरे कपडे घालून यायचं ठरलं होतं. आईकडे पांढरं लुगडं नव्हतं. शेजारणीने तिची दोन लुगडी होती त्यातलं एक दिलं, ते आखूड पडलं, आणि आई दिवसभर पदर ओढत बसली. हे ती म्हातारपणीही रंगवून सांगायची.

कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांनी बाबासाहेब आंबेडकरांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखोंना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. त्या प्रतिज्ञांकडे मी माझ्या कामाच्या नजरेने पाहते. कोणते देव मानणार नाही, जन्मावरून उच्चनीच मानणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, अष्टांग मार्गाने चालेन. माणसाच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं एकेक वाक्य उचलून त्या जागी दुसरं ठेवण्याचं हे काम आहे, आणि तेही उभं राहून, मोठ्याने, सगळ्यांच्या साक्षीने. ‘मी हलका’ हा विचार एकट्याने बंद खोलीत सोडणं फार कठीण असतं. लाखो माणसांबरोबर तो सोडता आला, हे मला त्या दिवसाचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. त्यानंतर ५३ दिवसांनी बाबासाहेब गेले. एवढ्या थोड्या अवधीत ध्यानाची रीत घरोघर रुजणं शक्य नव्हतं. वंदना, पंचशील आणि प्रतिज्ञा मात्र घरात आल्या.

ध्यानाची रीतसर शिकवण मागाहून आली, आणि तिचा धागा ब्रह्मदेशाशी जुळतो. चंद्रमणी मूळचे तिथल्याच आराकानचे. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. त्याच शहरात पुढच्या वर्षी सत्यनारायण गोयंका हे व्यापारी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकायला बसले. अर्धशिशीने हैराण झालेल्या गोयंकांना मॉर्फिनची सुई घ्यावी लागायची. त्यांचे गुरू ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, म्हणजे सरकारी हिशेब सांभाळणारा संसारी माणूस. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर झालं, मग इगतपुरीला केंद्र उभं राहिलं. आता नागपूरजवळ माहुरझरीलाही विपश्यना केंद्र आहे. दहा दिवस मौन, पहाटे चारची घंटा. पहिले तीन दिवस नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. फी नाही. आधी बसून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं जेवण होतं. ध्यान आणखी एका वाटेनेही आलं. १९७७ मध्ये दीक्षेच्या एकविसाव्या वर्धापनदिनी लोकमित्र हे इंग्रज बौद्ध नागपुरात आले होते. त्यांनी पुढे पुण्यातून सुरू केलेल्या कामातही आनापानसती, म्हणजे श्वासाचं ध्यान, आणि मैत्रीभावना शिकवतात.

आईने यातलं काहीच केलं नाही. ती सकाळी मेणबत्ती लावून वंदना म्हणायची आणि जरा वेळ डोळे मिटून बसायची, बस. पण विहारात ऐकलेली एक गोष्ट तिने मनात धरून ठेवली होती. एक ब्राह्मण बुद्धाला वाटेल तसं बोलतो. बुद्ध विचारतात, पाहुण्यांपुढे ठेवलेलं अन्न त्यांनी घेतलं नाही तर ते कोणाकडे राहतं? ज्याचं त्याच्याकडेच. नळावर कोणी जातीवरून बोललं की घरी येऊन आई एवढंच म्हणायची, “तो बोलला. मी घेतलं नाही.” आणि घागर उतरवून कामाला लागायची.

माझ्या अभ्यासक्रमात हेच वेगळ्या भाषेत होतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये मांडलं की, घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला हट्टी विचार जास्त छळतो. कि. मो. फडके यांनी एलिस यांची ही उपचारपद्धत भारतात आणली, मराठीतही मांडली. ते वाचताना मला पदोपदी आई आठवत होती.

वसतिगृहात राहणारी मुलं माझ्याकडे येतात. झोप नाही, छातीत धडधड, श्वासाचा व्यायाम शिकवा म्हणतात. विचारत गेलं की तासाभराने निघतं: कोटावाला म्हणून रोज टोमणे मारतात. अशा मुलाला आधी डोळे मिटायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. आम्ही कागद घेतो. त्याच्याविषयीचं ते वाक्य लिहायचं, ते कोणाचं आहे ते समोर लिहायचं, ते खरं का मानायचं ते तपासायचं. श्वास त्यानंतर. आणि टोमणा आपण घेतला नाही म्हणून मारणारा सुटला, असंही नाही. त्याच बैठकीत संस्थेकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदाही करतो: तारीख, जागा, काय बोललं गेलं, कोण साक्षीला होतं. सही करताना बहुतेकांचा हात थरथरतो. तेव्हा मी म्हणते, आता तीन श्वास घे, मग सही कर.