छप्पनचा दुष्काळ आणि शेजारधर्म

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे आपण अभिमानाने म्हणतो. काळी जमीन, पांढरा कापूस, अकोला-खामगाव-अमरावतीच्या बाजारपेठा. पण याच सोन्याच्या मुलखात १८९९-१९०० मध्ये माणसे अन्नावाचून मेली. विक्रम संवत १९५६ म्हणून तो 'छप्पनचा दुष्काळ'. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. वाढायची ती लोकसंख्या दहा वर्षांत जवळपास दीड लाखाने घटली.

धान्य नव्हते असे नाही. रेल्वेने ते येत होते. पण पाऊस गेला, कापूस गेला, ज्वारी गेली आणि त्यांच्याबरोबर मजुरीही गेली. दुकानात दाणे आणि हातात दमडी नाही, असा तो दुष्काळ होता. सर्वात आधी उघड्यावर पडली ती लहान मुले. आपल्या भाषेत यतीम.

त्या वेळी अकोल्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन मिशनचे काम होते. मिशनने मुलांसाठी अकोल्यात आणि मुलींसाठी खामगावात अनाथाश्रम चालवले. पूर्वी एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, काम केलेले अल्बर्ट नॉर्टन यांनी दौंडला दुष्काळग्रस्त मुलांचे घर उघडले. केडगावला पंडिता रमाबाई मुली-बायकांना आसरा देत होत्या. १९०० मध्ये अमेरिकेतल्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाच्या पुढाकाराने मक्याने भरलेले 'क्विटो' जहाज मुंबईला आले. ज्यांनी वऱ्हाड कधी पाहिलाही नव्हता, अशा लोकांचा घासही त्यात होता.

दुष्काळ सरला, पण सगळे भोग सरले नाहीत. अचलपूर म्हणजे इमादशाहीची राजधानी, दुल्हा रहमान शाहांच्या दर्ग्याचे गाव. त्याच परिसरातल्या कोठारा येथे कोरकूंमध्ये काम करणाऱ्या मिशनने महारोग्यांसाठी आश्रम चालवला. खर्चाला 'मिशन टू लेपर्स'चा आधार होता. महारोग झाला की घरचेच माणसाला वेशीबाहेर काढत. त्यात हिंदू घर आणि मुसलमान घर असा फरक नव्हता. कोठाऱ्याचे हे काम पुढे दवाखान्याच्या रूपाने चालू राहिले.

आता अवघड प्रश्न. हे सगळे धर्मांतरासाठीच नव्हते का? मिशनरी आपला हेतू लपवत नव्हते. आश्रमातली मुले ख्रिस्ती संस्कारात वाढली, आणि उपाशी मुलाला धर्म निवडण्याची मोकळीक कितीशी असणार? ही टीका रास्त आहे, ती करायलाच हवी. पण ती करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा. त्या मुलाला आधी कुणी उचलले? शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याबद्दल आपल्या पैगंबरांनी काय म्हटले आहे, हे आपण दर जुम्म्याला ऐकतो. ते ऐकणे सोपे आहे. महारोग्याची जखम धुणे सोपे नव्हते.

आपल्याकडेच पाहा. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याचा महारोग हे बायकोला घटस्फोट मागण्याचे एक कारण होते. हिंदू आणि ख्रिस्ती कायद्यांतही तशीच तरतूद होती. १९८० च्या दशकात बहुऔषधोपचार आला, रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी हे शब्द या विवाहविषयक कायद्यांतून निघायला २०१९ साल उजाडले. औषध शरीरातला रोग काढते, मनातली वेस काढत नाही.

अल्पसंख्य समाज आपल्यावर झालेल्या अन्यायांचा हिशेब नीट ठेवतो, ठेवावाही. पण दुसऱ्याने केलेल्या भल्याचाही हिशेब ठेवावा लागतो. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती वस्त्या लहान आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांकडे या आठवणी असतील. आपण शेजारी आहोत. निदान जाऊन विचारू तरी.