बार्शी रेल्वेच्या मालडब्यांचा मूळ पाठ

१९११ सालीं लातुरास पोंचलेला बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग २००७-०८ मध्यें रुंद झाला. आतां तेथील मालडब्यांची हौशी मंडळींनीं केलेली प्रतिकृति म्हणजे पोथीची नक्कलच. ती मुळाबरहुकूम हवी. कॅल्थ्रॉप ह्यांनीं रुळांतील अंतर अडीच फूट ठेविलें, पण डब्यांचे पोलादी सांगाडे २५ फूट लांब व ७ फूट रुंद योजिले. प्रत्येक आंसावर भार मात्र ५ टनच. हें प्रमाण डोळ्यांस विपरीत वाटतें, म्हणून डबा अरुंद करणारा कारागीर अवघड पाठ ‘सुधारणारा’ लेखकूच समजावा. १:८७ प्रमाणांत लांबी ८७.६ व रुंदी २४.५ मिलिमीटर येते. रुळांतील अंतर ८.७६ हवें; बाजारांत ९ चे रूळ मिळतात. एवढा पाठभेद आम्ही क्षम्य मानितों; रुंदींतील काटछांट मात्र नव्हे.