वर्गाबाहेर सुरू झालेला वाद

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली १८८२ साली, कुठल्याही विद्यापीठाचा आधार नसताना. चेन्नईतही बाईपण-पुरुषपणाचा वाद असाच वर्गाबाहेर पेटला.

१९१७ मध्ये तिथल्या अड्यार भागात विमेन्स इंडियन असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षांनी डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रासच्या विधिमंडळात आल्या. मुलींना देवाला वाहण्याची प्रथा कायद्याने मोडायला त्यांनी कंबर कसली. त्यांची आई देवदासी समाजातलीच. पण त्याच समाजातल्या कलावंतिणींनी कायद्याला विरोध केला. आमची कला, आमचे मालमत्तेचे हक्क यांचे काय, हा त्यांचा सवाल होता. कायदा व्हायला १९४७ साल उजाडले.

पेरियार आणखी पुढे गेले. १९२९च्या चेंगलपट्टू परिषदेत त्यांच्या स्वाभिमान चळवळीने स्त्रियांसाठी मालमत्तेत समान वाटा आणि घटस्फोटाचा हक्क मागितला. संततिनियमन हवे ते बाईच्या स्वातंत्र्यासाठी, असे पेरियार ठणकावून सांगत.

हा वारसा पुढे चेन्नईच्या व्ही. गीता यांच्यासारख्या अभ्यासकांनी तपासला. पण या साऱ्या वादात स्त्री आणि पुरुष एवढीच दोन माणसे गृहीत धरलेली होती. ती चौकट हलवली तृतीयपंथीयांच्या स्वतःच्या लेखणीने. ए. रेवती यांनी २००४ मध्ये तमिळनाडूतल्या तृतीयपंथीयांच्या जीवनकथा पुस्तकरूपाने आणल्या. २००७ मध्ये लिव्हिंग स्माइल विद्या यांचे आत्मकथन आले. २००८ साली राज्याने तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ नेमले.

२०२१ मध्ये घरच्यांच्या विरोधामुळे मदुराईहून चेन्नईला आलेल्या, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींनी मद्रास उच्च न्यायालयाकडे संरक्षण मागितले. न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी या विषयातले आपले अज्ञान निकालपत्रातच नोंदवले. निकालाआधी ते मानसतज्ज्ञाकडे शिकायला बसले, समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींशी बोलले. ७ जूनच्या आदेशात त्यांनी लैंगिकता ‘बरी’ करण्याच्या उपचारांना मनाई केली आणि पुढे वैद्यकीय अभ्यासक्रमही सुधारायला सांगितले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

तरीही २०२४ मध्ये आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात समलैंगिकता पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त घातली गेली. टीकेची झोड उठल्यावर तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी आता तरी ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांना आधी विचारावे.