कुलूप लावण्याची घाई

‘रूट केला म्हणून फोन मेला,’ असं नंतर सगळे म्हणाले. तासांचा हिशेब मांडला की दोष वेगळ्याच ठिकाणी सापडतो. पुढचा घटनाक्रम कुणा एकाच्या फोनचा नाही. शाओमी घराण्यातल्या फोनवर अनेकांच्या हातून जे टप्प्याटप्प्याने घडत आलं, ते इथे एका मुलाच्या आठवड्यात रचून सांगितलं आहे. काळ जून २०२२. ठिकाण पुण्यातलं एक हॉस्टेल. फोन खास गेमिंगसाठी घेतलेला, वॉरंटीचे चार महिने शिल्लक. शून्य तास म्हणजे सोमवारची पहाट, ४ वाजता.

२०२ तास आधी : शनिवार, संध्याकाळी ६

बीजीएमआय हा गेम खेळताना डाव्या अंगठ्याखालचा जॉयस्टिक मध्येच सुटतो. पळणारा गडी मोकळ्या मैदानात उभा राहतो आणि गोळी खातो. रूममेटचं निदान तयार असतं : ‘लॅग आहे भावा. रूट मार, सगळा कचरा काढ, साठ एफपीएस घट्ट बसेल.’

स्क्रीनची डावी कडच बोट ओळखत नसेल, ही शंका कुणालाच येत नाही. या घडीला फोनला कुणी हात लावलेला नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ठेवून ‘टच जातोय’ एवढंच सांगायचं होतं. पुढच्या नऊ दिवसांतली सर्वांत स्वस्त संधी हीच होती.

त्याऐवजी तो सेटिंगमध्ये जातो. रूट करणं म्हणजे फोनच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवणं, आणि त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो. एमआययूआय व्हर्जनवर सात वेळा बोट मारलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ‘मी अनलॉक स्टेटस’. वाय-फाय बंद करून, सिमच्या डेटावर, आपलं खातं फोनशी जोडायचं. मग लॅपटॉपवर कंपनीचंच अनलॉक टूल चालवायचं. टूल उत्तर देतं : १६८ तासांनी या.

ही सक्ती उगाच नाही. मधले विक्रेते फोनमध्ये स्वतःचं, कधी कधी व्हायरस भरलेलं सॉफ्टवेअर घालून विकत होते, म्हणून शाओमीने २०१६ मध्ये बूटलोडरला कुलूप घातलं. चोरीचा फोन लगेच साफ करून विकता येऊ नये, हाही फायदा. सात दिवसांत माणसाचा विचार बदलू शकतो. याचा बदलत नाही.

३४ तास आधी : पुढचा शनिवार, संध्याकाळी ६

पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकत्र दाबून फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून हुकूम घेणाऱ्या मोडमध्ये. काळ्या स्क्रीनवर नारिंगी अक्षरं. टूल पुन्हा पुन्हा विचारतं, नक्की का? दर वेळी ‘हो’. फोटो, चॅट, गेमच्या सेटिंग, सगळं पुसलं जातं, कारण अनलॉक करताना डेटा उडवणं हा सुरक्षेचाच भाग आहे. कुलूप काढलं की आतली माणसाची माहिती कुणा परक्याच्या हाती लागू नये.

फोन सुरू होतो तेव्हा लोगोच्या वर उघड्या कुलपाचं छोटं चिन्ह दिसतं. आता प्रत्येक वेळी दिसणार.

३१ तास आधी : रात्री ९

इथून खरं रूट. आपल्या रॉमच्या, म्हणजे फोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, नेमक्या आवृत्तीतली बूट इमेज काढायची, मॅजिस्क या अ‍ॅपकडून तिच्यात बदल करून घ्यायचा आणि ती परत फोनमध्ये घालायची. सोबत व्हीबीमेटा नावाचं छोटं विभाजनही तपासणी बंद करून फ्लॅश केलं जातं.

या दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात, कारण शून्य तासाला फोन याच पकडणार आहे. अँड्रॉइड सुरू होताना आपल्या सॉफ्टवेअरचा तुकडा न् तुकडा तपासतो. प्रत्येक तुकड्यावर कंपनीची डिजिटल मोहोर असते आणि मोहरांची नोंदवही म्हणजे व्हीबीमेटा. बूटलोडर उघडा असताना मोहोर जुळली नाही तरी फोन चालू दिला जातो. कुलूप लावलेलं असताना नाही.

२८ तास आधी : मध्यरात्र

फोन सुरू. मॅजिस्कमध्ये आवृत्तीचा आकडा झळकतो, म्हणजे रूट मिळालं. कंपनीने भरलेली नको ती अ‍ॅप्स काढली जातात. फोन तापला की प्रोसेसरचा वेग उतरवणारी थर्मल मर्यादा सैल करणारं मॉड्यूल बसतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा, आकडा लावला जातो. आकडा साठवर खिळलेला. खोलीत आरडाओरडा.

१७ तास आधी : रविवार, सकाळी ११

टपरीवर चहा आणि क्रीमरोल. क्यूआर स्कॅन करायला जातो तर पेमेंटचं अ‍ॅप उघडायलाच तयार नाही : ‘या डिव्हाइसवर चालणार नाही.’ पैसे रूममेट देतो. गूगलच्या सेफ्टीनेट तपासणीत फोन नापास झाला आहे. प्ले स्टोअरमध्ये नेटफ्लिक्सही दिसेनासं होतं.

दुपारभर रूट लपवायची लपाछपी. मॅजिस्कमध्ये झायगिस्क चालू कर, डिनायलिस्टमध्ये बँकेची अ‍ॅप्स टाक, वर एक मॉड्यूल. एक अ‍ॅप फसतं, दुसरं नाही. फोन जसा आहे तसा दाखवायचा नाही, ही सवय इथे लागते.

१० तास आधी : संध्याकाळी ६

सामना रंगात. कोपऱ्यात साठ. आणि डावा अंगठा पुन्हा सुटतो.

एफपीएसचा आकडा हलत नाही, म्हणजे हा लॅग नव्हे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बोटाची रेघ दाखवणारी सोय आहे, ती चालू करून तो डाव्या कडेवरून सावकाश बोट फिरवतो. रेघ खाली येते, एका बोटाच्या रुंदीएवढ्या पट्ट्यात तुटते, पुढे पुन्हा सुरू होते. चार वेळा फिरवलं, चारही वेळा त्याच जागी तुटली. सॉफ्टवेअरचा दोष असा एका जागी घर करून बसत नाही. पॅनेल खराब आहे. आठ दिवसांपूर्वीही तेच खराब होतं.

५ तास आधी : रात्री ११

‘आता सर्व्हिस सेंटरला कसा नेऊ? रूट बघितला की वॉरंटी गेली.’

वॉरंटीचं कार्ड खोक्यात आहे. ते कुणी वाचत नाही. सगळं बोलणं ऐकीव माहितीवर. इथे क्षणभर थांबून पाहिलं तर दिसतं की रूट आणि वॉरंटी यांचं नातं सगळीकडे एकसारखं नाही. ऊया नावाच्या ९९ डॉलरच्या अँड्रॉइड गेमिंग कन्सोलने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर ८५ लाख डॉलरहून अधिक जमवले, तेव्हा रूट केल्याने वॉरंटी जाणार नाही, हे विक्रीचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं होतं. उलट एसुसच्या अनलॉक अ‍ॅपमध्ये वॉरंटीवर पाणी सोडल्याची कबुली आधी द्यावी लागे. अमेरिकेत १९७५ पासून अशा सरसकट अटींना आवर घालणारा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. ‘स्टिकर काढलं तर वॉरंटी रद्द’ असा दम देणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये इशाऱ्याची पत्रं धाडली होती.

कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. रूट मिळालं की प्रोसेसरचा वेग, व्होल्टेज, तापमानाची मर्यादा, सगळं मालकाच्या हाती येतं. त्यातून काही जळालं तर ते कंपनीने का भरून द्यावं? पण हा प्रश्न जळालेल्या भागाचा आहे. रूट करण्याआधीपासून तुटलेल्या टचचा नाही. ‘दोष या बदलामुळे आला का?’ असा मुद्दा काउंटरवर मांडता आला असता. नकार मिळाला तर तो लेखी मागता आला असता, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता आली असती, ग्राहक आयोगाकडे जाता आलं असतं. निकाल बाजूने लागलाच असता असं नाही. बाजू मात्र शिल्लक होती.

खोलीत ठरतं ते एवढंच : पुरावा मिटवायचा.

२ तास आधी : पहाटे २

नीट करायचं तर रस्ता ठरलेला आहे. आपल्याच मॉडेलची, आपल्याच प्रदेशाची संपूर्ण फास्टबूट रॉम उतरवायची, सगळी विभाजनं मूळ स्थितीत आणायची, फोन व्यवस्थित सुरू होतो हे पाहायचं आणि मगच कुलूप. फाइल काही जीबींची. हॉस्टेलचं वाय-फाय रात्री सगळे वापरतात. डाउनलोड अर्ध्यावर येऊन अडकतं.

या रस्त्यावरही खड्डे आहेत. मी-फ्लॅश टूलच्या खिडकीत खाली तीन पर्याय असतात आणि ‘सगळं साफ करून लॉक करा’ हा आधीपासून निवडलेला असतो. चीनसाठी बनलेल्या फोनवर ग्लोबल रॉम घालून हाच पर्याय तसाच राहू दिल्यामुळे कितीतरी फोन गेले.

२० मिनिटं आधी

सकाळी साडेदहाला सेंटर उघडणार. डाउनलोडचा नाद सुटतो. ‘मॅजिस्क अनइन्स्टॉल कर, कुलूप लाव, झालं.’ मॅजिस्कचं चिन्ह दाबून धरलं, अनइन्स्टॉल केलं. चिन्ह गेलं.

गेलं ते फक्त चिन्ह. मूळ बूट इमेज परत बसवायची तर मॅजिस्कच्या आतून पूर्ण अनइन्स्टॉल करावं लागतं. बदललेली बूट इमेज जागेवर आहे. व्हीबीमेटाही तसाच.

शून्य : सोमवार, पहाटे ४

फास्टबूट. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप होते : फास्टबूट फ्लॅशिंग लॉक. एंटर. ‘ओके’. सेकंदही लागत नाही.

फोन रीस्टार्ट होतो. तपासणी होते. मोहोर जुळत नाही आणि आता कुलूप बंद आहे. लोगो विझतो, स्क्रीनवर इंग्रजीत संदेश येतो : सिस्टिम नष्ट झाली आहे, बंद करण्यासाठी पॉवर बटण दाबा.

२० मिनिटं नंतर

पुन्हा अनलॉक करायला घेतलं तर टूल सांगतं, आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं जोडा. सेटिंग ज्या सिस्टिममध्ये आहे ती सुरूच होत नाही. कुलूप बंद असल्यामुळे फास्टबूटमधून काही फ्लॅशही होत नाही. राहिला शेवटचा दरवाजा, क्वालकॉमचा ईडीएल मोड. त्यासाठी फोन उघडून दोन बिंदू जोडावे लागतात आणि वर कंपनीने अधिकृत केलेलं खातं लागतं. तसं खातं असतं सर्व्हिस सेंटरकडे, म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांच्याचकडे.

साडेसहा तास नंतर : सकाळी १०.३०

‘काय प्रॉब्लेम आहे सर?’

‘दादा, टच जातोय. डाव्या बाजूला.’

काउंटरवरचा माणूस पॉवर दाबतो, संदेश वाचतो, वर बघतो. ‘लॉक करायला गेला होता का?’ त्याला विचारायचीही गरज नव्हती. असे फोन त्याने पाहिले आहेत. जॉब शीटवर तक्रार लिहिली जाते : फोन चालू होत नाही. टचचा रकाना कोरा राहतो. बंद फोनवर टच तपासणार कसा?

नुकसान इथे आहे. उघड्या कुलपाचं चिन्ह घेऊन तो आला असता तर बोटाची रेघ फिरवून तुटलेला पट्टा दाखवता आला असता. पॅनेलचा दोष आणि रूट, दोन्ही टेबलावर वेगवेगळे मांडता आले असते. आता एकच दोष दिसतो, आणि तो त्याने स्वतः घडवला आहे.

ज्या गेमसाठी हे सगळं झालं, तो २८ जुलै २०२२ रोजी भारतात गूगल आणि अ‍ॅपलच्या स्टोअरवरून हटवण्यात आला.

रूट करणाऱ्यांनी रूट करावं. फोन त्यांचा आहे. फक्त क्रम पाळावा. यंत्रात काही बिघाड असेल तर आधी तो वॉरंटीत दुरुस्त करून घ्यावा, मग अनलॉक. रूट झाल्यावर बिघाड दिसला तर कुलूप उघडंच ठेवून सेंटरवर जावं आणि विचारलं तर खरं सांगावं. पहाटे चार वाजता, अर्धवट डाउनलोडवर, कुणाच्या तरी भीतीने कुलूप लावू नये.