कार्बनचे पाते आणि कोंबडीची कसोटी

विमानाच्या एंजिनात पक्षी शिरणे ही जुनी व्याधी होय. म्हणूनच नवे एंजिन वापरात आणण्यापूर्वी त्याच्या फिरत्या पंख्यावर मेलेली कोंबडी हवेच्या तोफेतून झाडून पाहतात. ऐकणाऱ्याला हसू यावे अशी ही कसोटी. पण १९७० च्या मे महिन्यात तिने रोल्स-रॉइस या नामांकित ब्रिटिश कंपनीची झोप उडविली.

फार्नबरो येथील सरकारी संशोधनसंस्थेत वॅट, फिलिप्स व जॉन्सन यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत कार्बनचा बळकट तंतू सिद्ध केला होता. वजनाच्या मानाने तो पोलादाहून सरस. हा तंतू राळेत बसवून रोल्स-रॉइसने 'हायफिल' नावाचा पदार्थ बनविला, आणि १९६८ मध्ये लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी पत्करलेल्या आरबी-२११ एंजिनाच्या पंख्याची पाती त्याचीच करण्याचे योजिले. ती पाती कोंबडीच्या धक्क्याने फुटली. अखेर जड टायटेनियमकडे वळावे लागले. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनीचे दिवाळे वाजले व सरकारने ती ताब्यात घेतली. अर्थात सारा दोष पात्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खर्चाचा अंदाजच मुळात फसला होता.

पण इतका बळकट पदार्थ फुटला कसा? तंतूचे बळ लांबीच्या दिशेने असते. आडव्या आघातापुढे त्याचे थर केवळ राळेच्या आधाराने एकत्र राहतात. धातूच्या पत्र्यावर हातोडा पडला तर पोचा येतो व तो दिसतो. येथे पोचा जवळजवळ येतच नाही. मार आत उतरतो, राळेला तडे जातात, थर सुटतात, आणि वर मात्र जेमतेम ओरखडा! असा तुकडा ओढला तर बराच टिकतो. दाबला की बांधणी उसवलेल्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे सुटे थर निरनिराळे वाकतात. दाब सोसण्याची शक्ती निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते.

यातूनच पुढे वेगळी परीक्षा रूढ झाली. नमुन्यावर ठराविक वजन मुद्दाम पाडावयाचे, मग तो दाबयंत्रात घालून उरलेले बळ मोजावयाचे. विमानाचा भाग आखतानाही नजरेतून सुटेल अशी इजा त्यात आहेच, असे गृहीत धरून भार ठरवितात.

कार्बनची पाती पंख्यात परत आली ती १९९५ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या जीई-९० एंजिनाबरोबर. राळ अधिक चिवट होती, आणि पात्याच्या पुढच्या धारेवर टायटेनियमची पट्टी चढविलेली होती.